उताऱ्याचे तात्पर्य आणि पर्यायांचा चकवा : प्रवेश परीक्षांतील वाचन-आकलनाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसर)

प्रस्तावना

महाराष्ट्रात बीबीए, बीएमएस, बीबीएम आणि बीसीए या पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२४ मध्ये पहिल्यांदा सामाईक प्रवेश परीक्षा घेण्यात आली. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्याचा तो परिणाम होता. तोवर उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील महाविद्यालयात बीएमएसच्या प्रवेशासाठी येणारा विद्यार्थी प्रामुख्याने बारावीची गुणपत्रिका घेऊन येत असे. नव्या व्यवस्थेत त्याच्यापुढे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची संगणकावर द्यावयाची परीक्षा उभी राहिली. पहिल्या परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवावयाचे होते आणि त्यांपैकी ४० प्रश्न इंग्रजी भाषेचे होते. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ५४ सेकंद. उतारा वाचण्याचा वेळही त्यातच धरावयाचा.

काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वाणिज्य पदवीच्या छत्राखाली नेला आणि ही परीक्षा टाळली. परंतु त्यामुळे प्रश्न सुटला नाही, तीन वर्षे पुढे गेला. याच विद्यार्थ्याला पदवीनंतर एमबीएला जावयाचे झाल्यास राज्याच्या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि त्यांत भाषिक क्षमता व वाचन-आकलन यांचे ५० प्रश्न, असे स्वरूप त्याच्यासमोर येते. कायद्याकडे वळल्यास राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या परीक्षेने २०२० पासून जवळजवळ प्रत्येक विभाग उताऱ्यांवर आधारलेला आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या परीक्षेतील भाषेच्या प्रश्नपत्रिकेतही माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक अशा उताऱ्यांना मध्यवर्ती स्थान देण्यात आले; ती प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध करून देण्यात आली. तात्पर्य, दरवाजा कोणताही असो, उंबरठ्यावर उतारा आहे.

हा उतारा कसा वाचावा हे शिकविण्याचे काम आज बहुतांशी खाजगी शिकवणी वर्गांकडे गेले आहे. ज्याला शुल्क परवडते तो तेथे जातो. ज्याला परवडत नाही तो मार्गदर्शक पुस्तक विकत घेतो. महाविद्यालयातील भाषा विभाग मात्र हा आपला विषय नव्हे, असे मानून बाजूला राहतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन नेमके याच्या उलट आहे. वाचन-आकलन ही परीक्षेची युक्ती नसून ते समीक्षेचे पहिले कर्म आहे. ते शिकविण्याची साधने मराठीच्या आणि भारतीय साहित्यशास्त्राच्या वर्गात पूर्वीपासून आहेत. आपण ती दीर्घोत्तरी प्रश्नाच्या उत्तरात कोंडून ठेवली आहेत, एवढेच.

परिसर : अनेक बोलींचा, थोड्या वाचनाचा

या तीन शहरांची भाषिक घडण एकसारखी नाही. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी भाषेपुढे अरबी वळणाची लिपी की देवनागरी, असा प्रश्न भारतात आल्यावर उभा राहिला. त्यातच नव्या पिढ्या इंग्रजी, हिंदी वा मराठी माध्यमाकडे वळल्या. परिणामी घरात बोलली जाणारी भाषा अनेकांच्या बाबतीत वाचनाची भाषा राहिली नाही. अंबरनाथला आयुधनिर्माणी आणि कारखाने यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील कामगार कुटुंबे स्थिरावली. बदलापूरला मुंबईतील घरांच्या किमतींमुळे तेथे आलेला मराठी नोकरदार वर्ग आणि आसपासच्या गावापाड्यांतील विद्यार्थी एकाच बाकावर बसतात.

या विद्यार्थ्याला भाषा कमी येतात असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. घरी एक, बाजारात दुसरी, मित्रांत तिसरी आणि पाठ्यपुस्तकात चौथी अशा भाषांतून तो दिवसभर सहज फिरत असतो. उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. यांपैकी कोणत्याही एका भाषेत चार-पाचशे शब्दांचा सलग युक्तिवाद वाचण्याची आणि तो मनात धरून ठेवण्याची सवय त्याला लागलेली नसते. साधने जवळ नाहीत असेही नाही. बदलापूरमध्ये श्याम जोशी यांनी उभारलेल्या ‘ग्रंथसखा’ने दुर्मीळ मराठी ग्रंथांचा आणि नियतकालिकांचा मोठा संग्रह केला. तथापि ग्रंथालय असणे आणि त्यातील पान वर्गात उघडले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शालेय परीक्षांच्या रचनेकडे पाहिले असता या उणिवेचे एक कारण दिसते. राज्य मंडळाच्या दहावीच्या २०१८ च्या नव्या अभ्यासक्रमापासून भाषेसाठी कृतिपत्रिका आली. घोकंपट्टीला आळा घालण्याचा तिचा हेतू स्तुत्य होता. तिच्यातील उताऱ्यावरील कृतींचे स्थूलमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात चौकटी भरा, आकृती पूर्ण करा, नावे लिहा अशा कृती येतात; त्यांची उत्तरे उताऱ्यातून जशीच्या तशी उचलता येतात. दुसऱ्या गटात स्वमत येते. तेथे उतारा बाजूला ठेवूनही चार ओळी लिहिता येतात. ‘उताऱ्यात काय आहे’ आणि ‘तुम्हांला काय वाटते’ या दोन टोकांच्या मध्ये ‘उतारा काय म्हणतो आणि कशाच्या आधारे म्हणतो’ असा एक प्रांत आहे. त्या प्रांतात विद्यार्थी फारसा फिरलेला नसतो. प्रवेश परीक्षेचा प्रश्न मात्र बहुधा तेथूनच येतो.

प्रचलित उपायांची चिकित्सा

मार्गदर्शक पुस्तकांतून आणि शिकवणी वर्गांतून दिले जाणारे सल्ले साधारणतः चार आहेत : प्रश्न आधी वाचावेत आणि उतारा नंतर, प्रश्नातील महत्त्वाचा शब्द उताऱ्यात शोधावा, वाचनाचा वेग वाढवावा, आणि शब्दसूची पाठ करावी. या प्रत्येकात थोडे तथ्य आहे, परंतु आकलनाची जागा यांपैकी कोणताही उपाय घेऊ शकत नाही.

पहिल्या दोन सल्ल्यांमुळे तपशिलाचा प्रश्न सुटू शकतो. वर्ष, नाव, ठिकाण विचारले असेल तर ते शब्द शोधून सापडते. परंतु लेखकाचा मुख्य मुद्दा, त्याचा सूर, त्याने गृहीत धरलेली गोष्ट, उताऱ्यावरून काढता येणारे अनुमान यांचे उत्तर कोणत्याही एका ओळीत लिहिलेले नसते. चांगला प्रश्नकर्ता चुकीच्या पर्यायात उताऱ्यातीलच शब्द पेरतो आणि अचूक पर्याय मुद्दाम वेगळ्या शब्दांत मांडतो. त्यामुळे शब्द जुळविण्याची सवय जितकी पक्की, तितका विद्यार्थी चकव्यात अडकण्याचा संभव अधिक.

वेगाच्या बाबतीत कारण आणि कार्य यांची उलटापालट झालेली दिसते. ज्याला अर्थ लागतो त्याचा वेग वाढतो. वेग वाढविल्याने अर्थ लागत नाही. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचन-आकलन हा लिपीवाचन आणि भाषिक आकलन यांचा गुणाकार आहे, असे सूत्र मांडले. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक घटक शून्य असेल तर दुसरा कितीही मोठा असला तरी फल शून्यच. डोळे जलद फिरविण्याच्या सरावाने फार तर पहिला घटक सुधारेल.

शब्दसंग्रहाचे महत्त्व नाकारता येत नाही. हू आणि नेशन यांच्या २००० मधील अभ्यासानुसार मदतीविना समाधानकारक आकलन व्हावयाचे असेल तर मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचयाचे असावे लागतात. ४५० शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ नऊ अपरिचित शब्द असा होतो. परिचित शब्दांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर आले की अपरिचित शब्द बावीस-तेवीस होतात आणि धागा तुटू लागतो. परंतु हे शब्द सूचीतून पाठ करून पुरेसे येत नाहीत. शब्द एकटा राहत नाही, विषयासह राहतो. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन शालेय विद्यार्थ्यांना वाचावयास दिले. वाचनात कच्चे परंतु खेळाचे जाणकार असलेले विद्यार्थी, वाचनात पक्के परंतु खेळाविषयी अनभिज्ञ विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले. उल्हासनगरच्या बाजारात वडिलांच्या दुकानावर बसणारा विद्यार्थी उधारी, मागणी, पुरवठा यांविषयीचा उतारा सुखाने वाचील. तोच युरोपीय चित्रकलेच्या उताऱ्यापाशी अडेल. येथे उणीव बुद्धीची नसून परिचयाची आहे आणि ती विविध विषयांच्या वाचनानेच भरून निघते.

राहता राहिला भाषेचा मुद्दा. परीक्षा इंग्रजीत असल्याने सराव इंग्रजीतूनच झाला पाहिजे, हा समज आपल्या प्राध्यापकवर्गातही दृढ आहे. जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. त्यांच्या मते वरवर भिन्न दिसणाऱ्या भाषांखाली एक सामाईक क्षमता असते. युक्तिवाद ओळखणे, अनुमान काढणे ही कौशल्ये एका भाषेत घडली की ती दुसऱ्या भाषेत नेता येतात. अर्थात दुसऱ्या भाषेचे पुरेसे ज्ञान हवेच. परंतु ज्याला मराठी अग्रलेखाचा मुद्दा एका वाक्यात सांगता येत नाही, त्याला इंग्रजी उताऱ्याचा सांगता न येणे हा केवळ इंग्रजीचा प्रश्न नव्हे.

तात्पर्यनिर्णयाची कसोटी

वाचन ही पुराव्याने सिद्ध करावयाची गोष्ट आहे, याचे एक उदाहरण आपल्या परिसरातच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखातील शकाचा अंक आरंभी ७८२ असा वाचला गेला होता. पुढे फेरवाचनात तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित झाला. एका अंकाच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. दगड तोच होता; बदलले ते वाचन. एक वाचन दुसऱ्यापेक्षा ग्राह्य का, हे ठरविण्यासाठी कसोटी लागते. प्रवेश परीक्षेच्या चार पर्यायांपुढे बसलेल्या विद्यार्थ्यालाही हीच कसोटी हवी असते.

पूर्वमीमांसेच्या परंपरेत कोणत्याही ग्रंथाचे वा प्रकरणाचे तात्पर्य ठरविण्यासाठी सहा लिंगे, म्हणजे खुणा, सांगितल्या आहेत : उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. आरंभ आणि शेवट यांची जोडी. पुनःपुन्हा येणारी गोष्ट. नव्याने सांगितलेली गोष्ट. सांगण्याचा परिणाम वा प्रयोजन. प्रसंगोपात्त आलेली स्तुती, निंदा वा दाखला. आणि मुद्दा सिद्ध करणारी युक्ती, असा त्यांचा सुलभ अर्थ सांगता येईल. मराठी वाचकाला ही कसोटी लोकमान्य टिळकांच्या १९१५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्या प्रकरणातून परिचित आहे. एकच गीता हाती घेऊन निरनिराळ्या आचार्यांनी निरनिराळी तात्पर्ये काढली, यामागे टिळकांना सांप्रदायिक दृष्टी दिसते. सिद्धान्त आधीच ठरला असला की ग्रंथातून तोच निघू लागतो.

टिळकांचा स्वतःचा निष्कर्ष मान्य करावा की नाही, हा येथे प्रश्न नाही. ही कसोटी प्राचीन आहे म्हणून ती आपोआप श्रेष्ठ ठरते, असेही सुचवावयाचे नाही. ती मूळची धर्मग्रंथांच्या अर्थनिर्णयासाठी घडलेली आहे याचे भान ठेवलेच पाहिजे. परंतु पद्धत म्हणून ती आजच्या परीक्षार्थ्याला नेमके ते देते जे शब्दसूची देऊ शकत नाही : उतारा एकसंध वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी. त्याच्या जोडीला शास्त्रचर्चेतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष हा भेद आणावा. परीक्षेतील उताऱ्यांत लेखक बरेचदा प्रथम दुसऱ्याचे मत मांडतो आणि मग त्याचे खंडन करतो. घाईने वाचणारा विद्यार्थी ते पहिले मत लेखकाचेच मानतो. ‘असे म्हटले जाते’, ‘हे खरे, पण’, ‘तथापि’ या शब्दांपाशी थांबावयास शिकणे हा वाचन-आकलनातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित धडा होय.

एक उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी पुढील उतारा रचला आहे.

‘निर्वासितांची वसाहत म्हणजे उपकारावर जगणारी वस्ती, असा एक समज फाळणीनंतरच्या काळात होता. कल्याणजवळच्या छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांकडेही त्याच नजरेने पाहिले गेले. राहावयास बराकी सरकारने दिल्या हे खरे. पण बराकीच्या दाराशी मांडलेले दुकान सरकारने दिलेले नव्हते. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे येथील बाजाराने स्वस्त मालाचा लौकिक मिळविला आणि त्याबरोबर नकली मालाची बदनामीही पदरी घेतली. लौकिक आणि बदनामी या दोहोंत एक गोष्ट समान होती : वसाहत आता मागणारी राहिली नव्हती, विकणारी झाली होती.’

प्रश्न : या उताऱ्याचा मध्यवर्ती विचार कोणता?

(अ) फाळणीनंतरच्या सिंधी वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले.
(आ) सरकारने बराकी दिल्या म्हणून निर्वासितांचा उत्कर्ष होऊ शकला.
(इ) नकली मालाची बदनामी हा उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांवर झालेला अन्याय होय.
(ई) आश्रित मानली गेलेली वसाहत स्वतःच्या उद्यमाने स्वावलंबी झाली.

आता सहा खुणा लावून पाहू. उपक्रमात ‘उपकारावर जगणारी’ आहे, उपसंहारात ‘विकणारी’ आहे. उतारा या दोन टोकांमधील प्रवास सांगतो. उपक्रमातील मत लेखकाचे नाही, तो पूर्वपक्ष आहे. ‘समज होता’ या शब्दांनी ते स्पष्ट होते. देणे-मागणे ही कल्पना ‘दिल्या’, ‘दिलेले नव्हते’, ‘मागणारी’ अशी पुनःपुन्हा येते, हा अभ्यास. बदनामीदेखील स्वावलंबनाचा पुरावा ठरू शकते, ही या उताऱ्यातील अपूर्वता. बराकीच्या दाराशी मांडलेले दुकान ही उपपत्ती. नामकरणाचे वर्ष हा प्रसंगोपात्त आलेला दाखला असल्याने त्याची जागा अर्थवादाच्या शेजारी. ते वगळले तरी युक्तिवाद ढळत नाही. आणि वसाहतीकडे पाहण्याची दृष्टी बदलावी, हे फल. या सर्व खुणा (ई) या पर्यायाकडे निर्देश करतात. विशेष म्हणजे ‘आश्रित’, ‘उद्यम’, ‘स्वावलंबी’ यांपैकी एकही शब्द उताऱ्यात नाही. शब्द जुळविणारा विद्यार्थी म्हणूनच (अ) वा (आ) कडे ओढला जाईल.

चुकीच्या पर्यायांचे शास्त्र

अचूक पर्याय कोणता याइतकेच उरलेले तीन का चुकले, हे सांगता येणे महत्त्वाचे आहे. न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष मानले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. काव्यलक्षणांची चर्चा करताना आपण ते वर्गात शिकवितोच. थोड्या सैल अर्थाने ते पर्यायांना लावता येतात. (अ) मध्ये अव्याप्ती आहे : विधान खरे असूनही ते उताऱ्याचा एक कोपराच व्यापते. (इ) मध्ये अतिव्याप्ती आहे : बदनामीचा उल्लेख उताऱ्यात आहे, अन्यायाचा निवाडा नाही, तो वाचकाने बाहेरून आणला. (आ) मध्ये असंभव आहे : शब्द उताऱ्यातील, पण कार्यकारणसंबंध उताऱ्याच्या विरुद्ध.

यांत (इ) हा पर्याय या परिसरातील विद्यार्थ्यासाठी सर्वांत मोहक आहे, हे ध्यानात घ्यावे. ज्याच्या कुटुंबाने ती बदनामी ऐकली आहे त्याला तो मनापासून पटेल. पटणे आणि उताऱ्यातून निघणे यांतील अंतर ओळखणे हाच येथील संयम. टिळकांनी टीकाकारांच्या संदर्भात उपस्थित केलेला प्रश्न संगणकाच्या पडद्यापुढे बसलेल्या विद्यार्थ्याच्या संदर्भातही तसाच उरतो : आपण वाचत आहोत, की आपलेच मत पुन्हा ऐकत आहोत? पर्यायाच्या दोषाला नाव देता आले की विद्यार्थी अंदाजावरून कारणावर येतो. ज्या परीक्षांत चुकीच्या उत्तरास गुण वजा होतात तेथे या फरकाची किंमत गुणांतच मोजली जाते.

परीक्षेच्या मर्यादा

विद्यार्थ्याला परीक्षेसाठी घडविताना परीक्षेची चिकित्सा सोडून देणे समीक्षकाला शोभणारे नाही. तीन आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते.

पहिला, वेळेचा. ५४ किंवा ४५ सेकंदांची सरासरी आकलनाइतकीच वाचनसवयीची, आणि पर्यायाने घरातील सांस्कृतिक भांडवलाची परीक्षा घेते. ज्याच्या घरी इंग्रजी वृत्तपत्र येते आणि ज्याच्या घरी कोणतेच येत नाही, त्यांच्यासाठी घड्याळ सारखे चालत असले तरी शर्यत सारखी नसते. दुसरा, विषयांचा. रेक्ट आणि लेस्ली यांचा निष्कर्ष ध्यानात घेता, उताऱ्यांचे विषय एकाच सामाजिक स्तराच्या अनुभवातून निवडले गेले तर परीक्षा आकलनाऐवजी परिचय मोजू लागते. तिसरा आक्षेप साहित्यिक उताऱ्यांविषयीचा. युक्तिवादप्रधान गद्याचे तात्पर्य एक असू शकते आणि त्यावर एकच अचूक पर्याय मागणे न्याय्य आहे. कविता वा कथा यांची गोष्ट निराळी. तेथे वाच्यार्थ संपल्यावर व्यंजनेचे कार्य सुरू होते आणि सहृदयागणिक अर्थच्छटा बदलू शकते. ‘कवीच्या मनात कोणती भावना आहे’ असे विचारून चार पर्याय देणे म्हणजे ध्वनीला चौकटीत बसविणे होय. अशा उताऱ्यावर वाच्यार्थाचे, रचनेचे, संदर्भाचे प्रश्न अवश्य विचारावेत. रसाचा निवाडा संगणकावर सोपवू नये.

तरीही या आक्षेपांचा आधार घेऊन हात झटकता येणार नाहीत. परीक्षा अपुरी आहे हे खरे. पण तिच्यामुळे ज्याचा प्रवेश हुकतो त्याचे नुकसान अपुरे नसते.

महाविद्यालयात काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी आराखड्यात क्षमतावर्धनासाठी भाषेचे अभ्यासक्रम आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे श्रेयांक यांना स्थान आहे. या दोन जागा आज बरेचदा परस्परांशी न बोलता चालविल्या जातात. तात्पर्यनिर्णयाच्या आधारे वाचन-आकलन शिकविल्यास त्या एकत्र आणता येतील. त्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

एक, आठवड्यातून एक तास एका उताऱ्याला द्यावा आणि तो मराठी, इंग्रजी, वाणिज्य, विज्ञान अशा विभागांनी आळीपाळीने घ्यावा. विषयांची विविधता यातून आपोआप साधेल. दोन, पहिल्या वाचनात पर्याय दाखवूच नयेत. विद्यार्थ्याने आपल्या सोयीच्या भाषेत, वीस शब्दांच्या आत, उताऱ्याचे तात्पर्य लिहावे. पर्याय त्यानंतर उघडावेत. स्वतःचे वाक्य आधी हाती असले की पर्यायांचा मोह कमी होतो. तीन, उत्तर तपासताना अचूक पर्यायावर थांबू नये. प्रत्येक चुकीच्या पर्यायाच्या दोषाला वर्गाने नाव द्यावे. चार, पहिल्या सत्रात वेळ लावू नये. अर्थ लागू लागल्यावर दुसऱ्या सत्रात घड्याळ आणावे.

उताऱ्यांसाठी सराव पुस्तकांवर अवलंबून राहण्याचे कारण नाही. आगरकरांचे निबंध पूर्वपक्ष-उत्तरपक्ष शिकविण्यास पुरेसे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९३६ मधील ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे इंग्रजीतील युक्तिवादाचा वस्तुपाठ आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून त्याचा क्रमाने परामर्श कसा घ्यावा हे तेथे दिसते. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ मध्ये मराठीत आणि १९६९ मध्ये त्यांनीच केलेल्या रूपात इंग्रजीत आले. एकाच लेखिकेचा एकच युक्तिवाद दोन भाषांत वाचण्याची अशी सोय द्वैभाषिक वर्गासाठी अमोल आहे. मराठी पानावर लागलेला अर्थ इंग्रजी पानावर ओळखता आला की विद्यार्थ्याची इंग्रजीविषयीची भीती बरीचशी ओसरते.

या उपक्रमास निधी फारसा लागत नाही. लागते ती प्राध्यापकांची एक तयारी : आयत्या टिपणांऐवजी मूळ पान वर्गात नेण्याची. प्रश्नसंच आणि मार्गदर्शिका यांच्या बळावर पदवी देत राहिलो तर विद्यार्थ्याला उतारा अनोळखी वाटणारच. तेव्हा दोष केवळ शाळेवर वा परीक्षा कक्षावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

समारोप

प्रवेश परीक्षांतील वाचन-आकलनाकडे केवळ गुण मिळविण्याचे तंत्र म्हणून पाहिल्यास ते शिकवणी वर्गाची मक्तेदारी राहील आणि शुल्क भरण्याच्या ऐपतीवर प्रवेशाची शक्यता ठरत जाईल. ते अर्थनिर्णयाचे शास्त्र म्हणून पाहिल्यास मात्र महाविद्यालयाच्या प्रत्येक वर्गात पोहोचू शकते. शब्द शोधण्यापेक्षा संगती शोधणे, मत मांडण्यापूर्वी लेखकाचे म्हणणे ऐकून घेणे आणि चुकीचा पर्याय का चुकला हे कारणासह सांगणे, या तीन सवयी एका परीक्षेपुरत्या नाहीत. करारनामा, कर्जाचे कागद, न्यायालयाचा निकाल आणि निवडणुकीचा जाहीरनामा हेही उतारेच आहेत. तेथे चार पर्याय कोणी छापून देत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील पहिल्या पिढीचा पदवीधर ते स्वतः वाचू शकला, तर भाषा विभागाने आपले काम केले असे म्हणता येईल.